सात दिवसांचं निवासी शिबिर: यादी बाजूला ठेवा, दिवेलागणीचं विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची, तिसरीची परीक्षा नुकतीच संपलेली, राहायला सांगलीत. मे महिन्यात वाईजवळ सात दिवसांचं निवासी शिबिर आहे आणि त्याच्या पत्रकात घोडेस्वारीपासून रोबोटिक्सपर्यंत एकवीस गोष्टी छापल्यात. मुलगी आजवर तुम्हाला सोडून राहिलेली नाही. खाण्याच्या तक्रारी आहेत. आणि सगळ्यात शेवटी, जरा चोरूनच, तुम्ही लिहिलंय की अजून कधीकधी अंथरूण ओलं होतं. तर पाठवावं का, आणि मुलं तिथे दिवसभर करतात तरी काय?

मी साताऱ्यात शाळेत खेळ शिकवायचे. गेली बावीस वर्षं धोम धरणाच्या रस्त्याला मुलांची निवासी शिबिरं घेते. त्यामुळे माझं उत्तर शिबिराच्या बाजूला झुकणार, हे धरून चाला. तरीही सुरुवातीलाच सांगते, प्रत्येक मुलाला नवव्या वर्षी पाठवलंच पाहिजे असं मला वाटत नाही. आधी दोन रात्री मामाकडे नाहीतर आत्याकडे ठेवून बघा, तुम्ही बरोबर न राहता. सकाळी तिथून फोनवर आवाज ठीक आला तर शिबिराचा विचार करा. पूर्वी सगळी सुट्टी आजोळी जायची, तेव्हा ही चाचणी आपोआपच व्हायची.

आता ती यादी. सात दिवसांत एकवीस गोष्टी म्हणजे मुलं एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत उभी राहणार. घोड्यावर तुमच्या मुलीची पाळी येईल तेव्हा तिला चार मिनिटं मिळतील आणि एक फोटो. शिबिर कसं आहे ते दोन वेळांवरून कळतं: दुपारी एक ते चार, आणि संध्याकाळी दिवे लागताना. आयोजकांना फोन करून एवढंच विचारा की दुपारी मुलं काय करतात, आणि अंधार पडताना मुलांजवळ कोण असतं. उत्तर अडखळलं की समजून जा.

दिवस कसा जातो ते आमच्याकडचं सांगते. बाकी ठिकाणी वेळा थोड्या मागेपुढे असतील.

साडेपाचला उठवतो. ते शिस्तीपायी नाही, उन्हापायी. वाईच्या बाजूला मेमध्ये पहाट गोड असते, अंगावर चादर ओढावीशी वाटते. पण अकरा वाजले की मैदानात अनवाणी पाऊल ठेववत नाही. म्हणून चालणं, चढणं, पळणं, सगळं दहाच्या आत उरकायचं. उठल्यावरचा पहिला धडा बूट उलटे करून झटकण्याचा. डोंगराकडेला विंचू बुटात बसतो. एकदा एका मुलाच्या बुटातून खरंच पडला, आणि त्या वर्षी पुढे कुणाला आठवण करावी लागली नाही.

एक सकाळ पांडवगडाची. त्या दिवशी आणखी लवकर उठवून पाचला निघतो आणि ऊन चढायच्या आत मुलं पायथ्याशी परत. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, ज्याचं त्यानेच वाहायचं. अत्तर, सुगंधी तेल, पावडर त्या दिवशी बंद, कारण कड्यांना आग्या मोहोळं असतात. दगड मारायचा नाही हे वेगळं सांगायला नको, तरी आम्ही तीनदा सांगतो. कुणाला धाप लागली तर तो मधल्या टप्प्यावर एका ताईबरोबर थांबतो आणि करवंदं खातो. माथ्यावर पोचलेल्यांना नंतर त्याचाच हेवा वाटतो, कारण त्याच्या खिशात करवंदं असतात.

एक सकाळ मेणवलीला. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा दगडी घाट आणि देवळाजवळची ती मोठी घंटा. घंटा पोर्तुगीज आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली. मी मुलांना हे आधी सांगत नाही. नुसतं विचारते, ही घंटा आपल्या देवळातल्या इतर घंटांसारखी दिसते का? मग निरखणं सुरू होतं, कुणीतरी म्हणतं की ही चर्चमधली वाटते, आणि चर्चची घंटा कृष्णाकाठी कशी आली यावर अर्धा तास भांडण. ते भांडण म्हणजे इतिहासाचा तास. पत्रकात मात्र मी ‘मेणवली भेट’ एवढंच छापते.

लिंब गावची बारा मोटेची विहीर दुपारच्या आधी बघायला चांगली, कारण आत उतरलं की गारवा. एकाच वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पिशव्या, चालायच्या एवढी ती मोठी. पण मोट म्हणजे काय हेच मुलांना ठाऊक नसतं. त्यामुळे आदल्या रात्री जुनी चामडी पिशवी आणि दोरी घेऊन बसावं लागतं.

माझी सगळ्यात लाडकी सकाळ मात्र उताराची. तीन काठ्या, सुतळी, एक दगड. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये तिसरी आडवी, आणि शेंड्यापासून सुतळीला दगड लोंबता सोडायचा. सपाट फरशीवर उभं केलं की सुतळी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण. मग हे घेऊन डोंगरउतारावर जायचं. एक पाय रोवून दुसरा असा फिरवायचा की सुतळी पुन्हा त्याच खुणेवर यावी. तो ठिपका आणि पहिला ठिपका एकाच उंचीवर. असं चालत चालत फक्कीने ठिपके जोडले की समतल रेषा उमटते आणि ती सरळ नसते, डोंगराच्या अंगाअंगाने वळत जाते. पाणी अडवायला सलग समतल चर खणतात ते याच रेषेवर. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे पाणी अडवण्याच्या गावागावांतल्या स्पर्धेत, आपल्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं, ते असल्याच खणण्याच्या कामांवर. मुलं दहा फूट चर खणतात, हाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी तो फोड सगळ्यांना दाखवत हिंडतात. घोड्यावरच्या चार मिनिटांची गोष्ट घरी एकदा सांगितली जाते, फोडाची आठवडाभर.

साडेबाराला जेवण झालं की पाऊल उंबऱ्याबाहेर नाही. चार वाजेपर्यंत आतच. याला वर्षातून एकच अपवाद. १० मेच्या आसपास साताऱ्याच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या सुमाराला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी टोप्या घालून पाच मिनिटं अंगणात. स्वतःची सावली पायाखाली गेलेली बघून मोठी मुलंही उड्या मारतात. तुमच्याकडे सांगलीला हे दोन-तीन दिवस आधीच होतं, कारण सांगली जरा दक्षिणेला. तारखा जमल्या तर मुलगी घरी एकदा आणि आमच्या बाजूला एकदा, अशी दोनदा बघेल.

आता दुपार. एक ते दोन आडवं व्हायचं. झोपलंच पाहिजे असं नाही, पण बोलायचं नाही. दोननंतर मोकळं. खोलीत पुस्तकं पसरलेली असतात, माती भिजवून ठेवलेली असते, चिंचोके, सागरगोटे, काचापाणी, दोरीच्या गाठी. ‘आता सगळ्यांनी बैल करा’ असं कुणी म्हणत नाही. पहिल्या दिवशी शहरातली मुलं येऊन सांगतात, ताई, बोअर होतंय. मी म्हणते, बरं. आणि माझं काम करत बसते. वीस मिनिटं ती खांबाला टेकून उभी राहतात. मग त्यांना एखादा पत्त्यांचा बंगला दिसतो, कुणाचा तरी अर्धवट नाग दिसतो, आणि ती बसतात. ही वीस मिनिटं पालकांना दाखवली तर ते म्हणतील, पैसे याचेच दिले का? मी म्हणेन, हो, मुख्यतः याचेच. ज्या शिबिरात ही वेळ भरायला मोठ्या पडद्यावर सिनेमा लावतात, तिथे मुलांची मैत्री उशिरा होते, हे मी बघितलंय. शेजारी बसलं की मैत्री होतेच असं नाही. त्यासाठी एकच कात्री दोघांना हवी असावी लागते.

चारला पन्हं किंवा ताक, मग मैदान. लगोरी, डबा ऐसपैस, आट्यापाट्या, खो-खो. हे पटकन सांगून पुढे जाते, कारण इथे मोठ्यांची गरजच नसते. फक्त आभाळाकडे लक्ष ठेवणारा एक माणूस लागतो. मेमध्ये वळीव सांगून येत नाही. सुरुवातीच्या एका वर्षी मी हौसेने तंबू लावले होते. पत्रकावर फार छान दिसायचे. साडेचारला वारा सुटला आणि दहा मिनिटांत सगळे तंबू जमिनीवर, सामान भिजलेलं, चाळीस मुलं स्वयंपाकघराच्या पडवीत दाटीवाटीने. इजा कुणाला झाली नाही, तरी चूक माझीच होती. तेव्हापासून झोपायला पक्की इमारत, आणि पहिला गडगडाट ऐकू आला की खेळ जिथे असेल तिथे थांबवून सगळे छपराखाली. झाडाखाली कुणी उभं राहायचं नाही. तुमच्या पत्रकात तंबूचा फोटो असेल तर विचारा, वळीव आला तर मुलं कुठे जातात?

आणि मग दिवेलागण. घरची आठवण दिवसा येत नाही. ती येते सूर्य डोंगराआड गेल्यापासून जेवणाची घंटा होईपर्यंतच्या तासाभरात. खेळून दमलेलं अंग, पोटात भूक आणि अंधार. घरी या वेळेला कुकरची शिट्टी होते, बाबांची गाडी वाजते. पहिल्या दिवशी एक रडतं, त्याचं बघून चार. त्या वेळी ‘रडू नकोस, किती मोठी झालीस’ म्हणणारा माणूस उपयोगाचा नाही. माईकवर नाचगाणं लावणं त्याहून वाईट. रडणारं मूल त्या गोंगाटात एकटं पडतं.

आम्ही त्या तासाला हातात काम देतो. कंदिलाच्या काचा राखेने पुसायच्या, वाती सारख्या करायच्या, शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीला कडबा घालायचा, पोळपाट-लाटणं घेऊन मावशींजवळ बसायचं. प्रत्येक आठ मुलांमागे एक ताई किंवा दादा, आणि तो या तासात स्वतःचा मोबाईल बघत नाही हा माझा एकच कडक नियम. रडणाऱ्याला ताई विचारते, घरी आत्ता काय चाललं असेल? मूल सांगायला लागतं, रडत रडत सांगतं, मग नुसतंच सांगतं. एकदा एक कराडचा मुलगा हुंदके देत म्हणाला, आमच्याकडे आत्ता आई मला ओरडत असेल. मग त्यालाच हसू फुटलं.

तिसरा दिवस सगळ्यात अवघड. पहिले दोन दिवस नवलाईत जातात, चौथ्यापासून मूल रुळतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुलांना पन्नास पैशांची पोस्टकार्डं देतो आणि घरी काय हवं ते लिहायला सांगतो. ‘आई, मला लगेच घेऊन जा, इथली आमटी पातळ आहे.’ कार्ड घरी पोचेपर्यंत बहुतेक वेळा मूलही घरी पोचलेलं असतं.

फोनबद्दल माझं मत अनेक पालकांना आवडत नाही. पहिले चार दिवस मुलाशी फोनवर बोलू नये. आवाज ऐकला की शांत झालेलं मूल नव्याने फुटतं. पण रोज रात्री आयोजकांनी तुम्हाला मुलाची खबर दिलीच पाहिजे: जेवली का, झोपली का, पोट साफ आहे का. नुसते फोटो पाठवले तर ती खबर नव्हे. ताप, उलट्या, जखम असेल तर तुम्हाला तत्काळ फोन, ही अट लिहून घ्या. आणि दोन दिवस मूल नीट जेवलं नाही, रात्री झोपलं नाही, खेळातही हललं नाही, तर आम्ही स्वतःच पालकांना बोलावतो. बावीस वर्षांत अशी मोजकी मुलं परत पाठवली. त्यातली काही दोन वर्षांनी पुन्हा आली.

जाताना तिला एक वाक्य मात्र सांगू नका: ‘करमलं नाही तर लगेच न्यायला येईन.’ तुमच्या दृष्टीने तो धीर असतो. तिला त्यातून कळतं ते एवढंच की रडलं की सुटका. त्यापेक्षा सांगा, ‘शनिवारी अकरा वाजता मी फाटकाशी असेन’, आणि अकराला खरंच असा. सोडायला आलात की तिचा बिछाना घालून देऊ नका, पेटी लावून देऊ नका. दहा मिनिटांत निघा. एका वर्षी एक बाबा दोन दिवस वाईत लॉजवर राहून कुंपणापलीकडच्या आंब्याआडून बघत होते. त्यांना पहिल्यांदा बघितलं त्यांच्याच मुलाने. पुढची कहाणी सांगायला नको.

खाण्याचं. तुम्ही काळजी करताय तितकी ती करू नका. सकाळी डोंगर चढलेलं मूल मटकीची उसळ खातं. नाष्ट्याला पोहे, उपमा, थालीपीठ; जेवणात भाकरी, पोळी, एक उसळ, पालेभाजी, आमटी-भात; कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी केली की पातेलं पुसून निघतं. तिखट मात्र बेताचं ठेवायला मावशींना रोज सांगावं लागतं, सातारी हात तो! नियम एकच, प्रत्येक पदार्थाचा एक घास खायचा, दुसरा घेतला नाही तरी चालेल. ताट ज्याचं त्याने घासायचं. यावर काही पालक नाक मुरडतात. साताऱ्यात तरी मुरडू नये. इथे १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत मिळून करायची. पाणी उकळलेलंच हवं, हे विचारून घ्या. उन्हाने कुणी मलूल झालं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. ही कृती तिलाही शिकवून पाठवा, मुलं एकमेकांवर लक्ष ठेवतात.

आता जे तुम्ही शेवटी लिहिलंत ते. त्याची लाज वाटून घेऊ नका. चाळीस मुलांच्या शिबिरात अशी दोन-तीन असतातच. फक्त आयोजकांपासून लपवू नका. आम्हाला माहीत असेल तर तिची खाट दाराजवळची असते, संध्याकाळी सातनंतर पाणी बेताने, झोपताना एकदा आणि अकराच्या सुमाराला हलकेच उठवून एकदा संडासला नेतात. पेटीत तळाशी दोन जादा चादरी आणि रबरी कापड द्या. झालंच, तर पहाटे सगळ्यांच्या आधी ताई चादर बदलते आणि ती धुण्याच्या ढिगात जाते. आमच्याकडे सगळ्यांच्याच चादरी तिसऱ्या दिवशी बदलतात, ते यासाठीच. तुम्ही हे फोनवर सांगितल्यावर समोरचा माणूस हसला किंवा ‘मोठ्या मुलीला असं कसं’ म्हणाला, तर फी भरू नका.

रात्री साडेआठनंतर गच्ची. मेमध्ये उत्तरेला सप्तर्षी उंचावर असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढला की तांबूस स्वाती, आणखी ओढला की पांढरी चित्रा. साडेनऊच्या सुमाराला दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तर अगदी खाली त्रिशंकूच्या चार चांदण्या दिसतात, तो दिल्लीच्या मुलांना इतका सहज दिसत नाही. इथे गोष्टी सांगणाऱ्या माणसाने थोडक्यात आवरावं. अर्धी मुलं चित्रेपर्यंत झोपलेली असतात.

सुरक्षिततेचं विचारताना संकोच करू नका. पोहण्याची जागा कुठली? धरणात किंवा नदीत उतरवतो असं उत्तर आलं तर नाही म्हणा. आपल्याकडे पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, मीही तशीच शिकले, पण तिथे एका पोरामागे एक काका काठावर असायचा. चाळीस मुलांना ते जमत नाही. रात्री झोपायला खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावली तर फारसं दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखून पापण्या जड व्हायला लागतात. म्हणून सापाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या दवाखान्यात आहे आणि रात्रभर गाडी व चालक हजर असतो का, हे विचारा. मुलींच्या खोलीत रात्री बाई झोपते का? एक मोठा माणूस आणि एकच मूल बंद दाराआड कधीही नसावं, असा नियम आहे का? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा तिथे काम करणाऱ्यांना समजावून सांगितलाय का? चांगला आयोजक या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट मोकळेपणाने बोलतो.

सामानाचं थोडक्यात: सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, रुळलेले बूट (नवे कोरे नकोत, टाचा सोलतात), टोपी, विजेरी, पाण्याची बाटली, रोजची औषधं असतील तर डोस लिहून ताईच्या हातात. खाऊ नको, खोलीत मुंग्या येतात. पेटी तिलाच भरू द्या, म्हणजे काय कुठे आहे ते तिला माहीत असेल. आणि प्रत्येक वस्तूवर नाव घाला, टॉवेलवर तर नक्की. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी माझ्याकडे अकरा निळे टॉवेल उरले होते, आणि त्यातला एकही आपला आहे असं कुठल्याच मुलाला वाटत नव्हतं.